बोटाखाली मावेल एवढेच

इ.स. १७११ साली केंब्रिज विद्यापीठात ल्युकेशियन प्राध्यापकाची जागा भरायची होती. याच जागेवर पूर्वी आयझॅक न्यूटन होते. निवड झाली निकोलस साँडरसन यांची. ते न्यूटनचे ग्रंथ शिकवत, त्यांतही प्रकाशशास्त्रावरची त्यांची व्याख्याने नावाजलेली होती. साँडरसन जेमतेम वर्षाचे असताना देवी आल्या आणि त्यांची दृष्टी पूर्ण गेली. प्रकाश म्हणजे काय याची कोणतीही आठवण नसलेला माणूस प्रकाशाचे किरण कसे वळतात, इंद्रधनुष्य कसे तयार होते हे डोळस विद्यार्थ्यांना समजावून सांगत होता.

ही गोष्ट आपण बहुधा चमत्कार म्हणून सांगतो आणि पुढे जातो. आम्हाला मात्र तिच्यातला एक छोटा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. साँडरसन आकडेमोड कशी करत? त्यांनी स्वतःसाठी एक पाटी बनवली होती. पाटीवर छोटे छोटे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ भोके. जवळ दोन प्रकारच्या टाचण्या: मोठ्या डोक्याच्या आणि लहान डोक्याच्या. मधल्या भोकात मोठी टाचणी लावली की शून्य. तिथेच लहान टाचणी लावली की एक. मध्ये मोठी टाचणी ठेवून भोवतालच्या आठ भोकांपैकी एकात लहान टाचणी खोचली की जागेनुसार दोन ते नऊ. वरून बोट फिरवले की आकडा कळतो. बेरीज चुकली तर टाचणी उपसून दुसरीकडे लावता येते. टाचण्यांभोवती दोरा गुंडाळला की त्याच पाटीवर त्रिकोण-चौकोनही तयार होतात. म्हणजे लिहिणे, खोडणे, वाचणे आणि आकृती काढणे ही चारही कामे एका लाकडी फळीवर होत होती.

साँडरसन यांचा बीजगणिताचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७४० मध्ये छापला गेला. त्यात या पाटीचे वर्णन आहे. ते वाचून फ्रान्समध्ये दनी दिदरो यांनी १७४९ मध्ये अंधांच्या ज्ञानाविषयी एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केले. ज्ञान कोणत्या इंद्रियातून येते हा प्रश्न तेव्हा धर्माच्या फार जवळ जाणारा होता. दिदरो यांना तुरुंगात जावे लागले, आणि त्याला हे पत्रही कारण झाले.

पण साँडरसन एकटे होते. त्यांची पाटी त्यांच्यापुरती होती. हुशार माणसाने स्वतःसाठी वाट काढणे वेगळे आणि वर्गातल्या साध्यासुध्या मुलाला रोजचा धडा वाचता येणे वेगळे. दुसरी गोष्ट घडायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. ती कशी घडली, आणि मध्ये कोण आडवे आले, ते पाहू.

डोळ्यांसाठी बनवलेली अक्षरे

पॅरिसमध्ये १७७१ साली एका जत्रेत काही अंध माणसांचा खेळ लावला होता. त्यांना गाढवाचे कान आणि बिनकाचेचे मोठे चष्मे घातले होते. समोर संगीताची पाने उलटी-सुलटी ठेवली होती आणि हातात वाद्ये. लोक हसत होते. ते पाहून व्हॅलेंटिन हॉय नावाचा तरुण अस्वस्थ झाला. हे लोक खरोखरच वाचू शकतील अशी व्यवस्था आपण करू, असे त्याने ठरवले. (विज्ञानाच्या शिक्षकांना हे आडनाव ओळखीचे वाटेल. स्फटिकशास्त्राचा पाया घालणारे रने-ज्यूस्त हॉय हे याचे थोरले भाऊ. एका विणकराची ही दोन मुले.)

हॉय यांचा पहिला विद्यार्थी चर्चच्या दाराशी भीक मागणारा फ्रान्स्वा लेस्युअर. शिकायला बसला तर त्याची भीक बुडणार, म्हणून हॉय यांनी तेवढे पैसे त्याला द्यायचे कबूल केले. आपल्याकडे शाळेतल्या दुपारच्या जेवणामागे जो विचार आहे तोच इथे दिसतो. १७८५ मध्ये पॅरिसमध्ये जी अंधशाळा उभी राहिली ती जगातली पहिली मानली जाते.

हॉय यांनी नेहमीचीच रोमन अक्षरे मोठी करून ओल्या जाड कागदावर दाबून उठावाची छापली. बोट फिरवून मुले ती ओळखू लागली. सभांमध्ये प्रात्यक्षिके झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण दररोजच्या वापरात अडचणी होत्या. अक्षर मोठे, म्हणून पुस्तक अवाढव्य. एक-एक अक्षराची कड चाचपत जायचे, म्हणून वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होई. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिता येत नव्हते. छापखान्याशिवाय अक्षर उमटत नसे. मुले वाचक होती, तीही मंद गतीची. वही नावाची वस्तू त्यांच्याकडे नव्हतीच.

हॉय यांची तळमळ खरी होती. फक्त एक गोष्ट त्यांना सुचली नाही. अक्षराचा आकार डोळ्याला सोयीचा असतो, तो बोटालाही सोयीचा असेलच असे नाही.

बारा ठिपके आणि सहा ठिपके

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेला कुव्हे या खेड्यात झाला. वडील घोड्यांचे चामडी साज बनवत. तीन वर्षांचा लुई वडिलांच्या दुकानात चामड्याला भोक पाडायच्या हत्याराशी खेळत होता, ते डोळ्यात घुसले. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. गावच्या पाद्र्याने आणि शाळामास्तरांनी त्याला इतर मुलांबरोबर शाळेत बसवून घेतले. हे मुद्दाम नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पुढे जगभर नाव झालेला हा मुलगा आधी साध्या गावशाळेत, डोळस मुलांच्या शेजारी बसून शिकला. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, तो पॅरिसच्या अंधशाळेत आला.

या शाळेत १८२१ साली शार्ल बार्बिए नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची पद्धत आली. सैनिकांना रात्री दिव्याविना निरोप वाचता यावेत म्हणून ती काढली अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. बार्बिए यांचा हेतू त्याहून मोठा होता. ज्यांना शाळा मिळाली नाही त्या साध्या माणसांनाही लिहिता यावे असे सोपे लेखन त्यांना हवे होते. त्यांनी भाषेतले ३६ ध्वनी सहा ओळी आणि सहा स्तंभांच्या तक्त्यात मांडले. ध्वनी कोणत्या ओळीत आहे तितके ठिपके डावीकडे, ओळीत कितवा आहे तितके ठिपके उजवीकडे.

मराठी वाचकाला ही कल्पना लगेच पटेल, कारण आपली वर्णमाला अशीच बसवलेली आहे. क-वर्ग पहिली ओळ, च-वर्ग दुसरी. मग 'क' म्हणजे डावीकडे एक ठिपका, उजवीकडे एक. 'ज' म्हणजे दुसरी ओळ, तिसरे अक्षर. डावीकडे दोन, उजवीकडे तीन. आणि 'म'? पाचवी ओळ, पाचवे अक्षर, म्हणजे दहा ठिपके. बार्बिए यांच्या तक्त्यातल्या शेवटच्या ध्वनीला तर बारा ठिपके लागत. हातात एक फाळणीची पट्टी आणि टोचणी असली की कोणीही हे लिहू शकत होता. अंध मुलांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिता आले, आणि लिहिलेले पुन्हा वाचता आले. बार्बिए यांचे हे श्रेय मोठे आहे. लोकप्रिय चरित्रांतून त्यांना हटवादी म्हातारा म्हणून जे रंगवले जाते ते आम्हाला अन्यायाचे वाटते.

पण वर्गात वापरताना दोष दिसू लागले. सहा ठिपक्यांचा उभा स्तंभ बोटाखाली एका वेळी मावत नाही. बोट खाली-वर सरकवून ठिपके मोजावे लागतात. शिवाय ही लिपी फक्त ध्वनींची. फ्रेंचमध्ये उच्चार आणि लेखन यांत फार अंतर आहे, त्यामुळे ती शिकलेल्या मुलाला शुद्धलेखन येत नसे. विरामचिन्हे नाहीत, आकडे नाहीत, संगीताची चिन्हे नाहीत. थोडक्यात, चिठ्ठी लिहायला ठीक, पाठ्यपुस्तकाला अपुरी.

लुई ब्रेलने बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून यावर काम सुरू केले आणि १८२४ पर्यंत, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, मुख्य रचना तयार झाली. त्याने उभे सहा कमी करून तीन केले. दोन स्तंभ, प्रत्येकी तीन ठिपके. प्रत्येक जागी ठिपका आहे किंवा नाही, असे दोनच पर्याय. सहा जागा, म्हणजे दोनाचा सहावा घात, ६४. सगळ्या जागा रिकाम्या असलेला प्रकार वजा केला की ६३ चिन्हे. रोमन अक्षरे, स्वरचिन्हे, विरामचिन्हे, आकडे, संगीत एवढ्यात बसते.

त्यातही त्याने क्रम लावला. पहिली दहा अक्षरे फक्त वरच्या चार जागा वापरतात. पुढची दहा म्हणजे तीच दहा, त्यांना डावीकडे खाली एक ठिपका जोडलेला. त्यापुढच्यांना खालचे दोन्ही ठिपके. दहा आकार पाठ केले की बाकीचे आपोआप येतात. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने हा भाग आम्हाला सर्वांत सुंदर वाटतो. लिपी घडवतानाच ती शिकणाऱ्याच्या स्मरणाचा विचार केलेला आहे. १८२९ मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

वर्गात करून पाहण्याजोगे

सहाच ठिपके का, याचे उत्तर बोटाच्या कातडीत आहे आणि ते वर्गात तपासता येते. दोन बोथट दातकोरण्या घ्या. मित्राला डोळे मिटायला सांगा. दोन्ही टोके एकाच वेळी त्याच्या तर्जनीच्या टोकाला हलकेच टेकवा आणि विचारा, एक की दोन? अंतर हळूहळू कमी करत जा. बोटाच्या टोकावर साधारण २ ते ३ मिलिमीटरपर्यंत 'दोन' असे उत्तर येते, त्याखाली दोन्ही टोके एकच वाटू लागतात. हेच कोपराखालच्या हातावर करा. तिथे ३० ते ४० मिलिमीटर अंतर असतानाही मुले 'एक' म्हणतील. वर्ग हमखास हसतो, कारण मोजपट्टी समोर असूनही कोणाचा विश्वास बसत नाही. कातडीत स्पर्शग्राही चेतातंतूंची टोके कुठे दाट, कुठे विरळ आहेत याचा हा परिणाम.

ब्रेलमध्ये शेजारच्या दोन ठिपक्यांतले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. म्हणजे बोटाला जेमतेम वेगळे कळतील इतके जवळ, आणि संपूर्ण चिन्ह बोटाच्या पेराखाली एकदम मावेल इतके लहान. यापेक्षा दाट केले तर ठिपके एकमेकांत मिसळतील, विरळ केले तर बोट शोधत फिरेल. आणखी एक: स्थिर बोटापेक्षा सरकणाऱ्या बोटाला ठिपके जास्त स्पष्ट कळतात. सवयीचा ब्रेलवाचक ठिपके मोजत नाही, ओळीवरून बोट सलग सरकवतो.

स्पर्शाचे असे पद्धतशीर मोजमाप जर्मनीत एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रेलचे पुस्तक त्याच्या पाच वर्षे आधीचे आहे. शरीरशास्त्रज्ञांच्या हाती आकडे येण्याआधी एका विद्यार्थ्याने ते स्वतःच्या बोटाने शोधले होते. आणि १९९० च्या दशकात मेंदूची चित्रे घेण्याची तंत्रे आली तेव्हा लहानपणी दृष्टी गेलेल्या वाचकांमध्ये ब्रेल वाचताना मेंदूचा दृष्टीशी निगडित भाग कार्यरत होतो असे दिसून आले. ते प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे.

बंदी

आपल्याला वाटेल, इतकी उपयोगी लिपी शाळेने आनंदाने स्वीकारली असेल. मुलांनी स्वीकारली. लुई ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाला होता आणि मुले त्याची लिपी आपापसांत वापरत, नोंदी काढत. पण १८४० मध्ये संचालक बदलले. नवे संचालक द्युफो यांनी ठिपक्यांची लिपी बंद केली आणि उठावाची रोमन अक्षरे पुन्हा पुढे आणली.

द्युफो दुष्ट होते असे मानून हा प्रश्न सुटत नाही. त्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण ती आजही आपल्या शाळांतून ऐकू येते. अंध मुलांना वेगळी लिपी दिली तर ती समाजापासून वेगळी पडतील. आईवडिलांना मुलाचे पत्र वाचता येणार नाही. डोळस शिक्षकांना नवी लिपी शिकावी लागेल. पुस्तके पुन्हा छापावी लागतील. अमेरिकेत बोस्टनच्या अंधशाळेचे सॅम्युअल हाऊ यांनीही याच विचाराने १८३५ मध्ये कोनदार रोमन अक्षरांची स्वतःची पद्धत चालू केली आणि त्यांच्या शाळेत ती अनेक दशके टिकली. सगळ्यांसाठी एकच लिपी, म्हणजे समानता. ऐकायला हे फार चांगले आहे. फक्त या समानतेत एका बाजूला अस्खलित वाचन होते आणि दुसऱ्या बाजूला अक्षर-अक्षर चाचपडणे.

स्वतः ब्रेलने द्युफोंच्या आक्षेपातला खरा भाग ओळखला होता. डोळस लोकांना वाचता येईल अशी, ठिपक्यांनी रोमन अक्षराचा आकार काढायची दुसरी एक पद्धत त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. ती पत्रे लिहिण्यासाठी. स्वतःच्या वाचनासाठी मुलांनी आपले सहा ठिपकेच ठेवले. काटकोनात बसणाऱ्या दोन गरजांना दोन साधने, इतका साधा तोडगा होता.

बंदी असूनही मुले लपूनछपून लिहीत राहिली. अखेर शाळेचे उपप्रमुख जोसेफ ग्वादे यांना या लिपीचे मोल पटले. शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन फेब्रुवारी १८४४ मध्ये झाले तेव्हा त्यांनी जाहीरपणे तिची माहिती वाचली आणि प्रात्यक्षिक झाले. तिथून बंदी सैलावली. ब्रेल यांना क्षयाने बरीच वर्षे गाठले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी ते वारले. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये.

ठरवायचे कोणी?

इंग्लंडमध्ये तेव्हा उठावाच्या चार-पाच वेगवेगळ्या लिप्या चालू होत्या आणि प्रत्येकीमागे एखादी संस्था, एखादा दाता. थॉमस आर्मिटेज हे डॉक्टर होते. दृष्टी गेल्यामुळे त्यांना व्यवसाय सोडावा लागला. १८६८ मध्ये त्यांनी काही मित्रांसह एक मंडळ स्थापन केले. कोणती लिपी चांगली हे ठरवायला त्यांनी घातलेल्या अटी अशा: निर्णय घेणारे सदस्य अंध असावेत, त्यांना किमान तीन लिप्या बोटांनी वाचता याव्यात, आणि कोणत्याही लिपीत त्यांचा आर्थिक संबंध नसावा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून आनंद होतो. निष्पक्ष चाचणीची ही उत्तम रचना आहे. दोन वर्षे तपासून त्यांनी ब्रेल निवडली. १८७८ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषदेनेही तीच निवडली.

अमेरिकेत मात्र ठिपक्यांचे युद्ध पुढे चालू राहिले. न्यूयॉर्कची वेगळी लिपी, बोस्टनची सुधारित ब्रेल, इंग्लंडहून येणारी तिसरी. हेलन केलर यांना एवढ्या सगळ्या लिप्या शिकाव्या लागल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांनी नाराजी बोलून दाखवली होती. इंग्रजी ब्रेल एक व्हायला १९३२ उजाडले.

भारतात हीच कथा आणखी गुंतागुंतीची झाली. अ‍ॅनी शार्प यांनी अमृतसरला १८८७ मध्ये अंधांसाठी शाळा काढली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० मध्ये, तर ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ मध्ये सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी तिथल्या भाषेसाठी ब्रेल बसवायचा प्रयत्न झाला. कोलकात्याचे लालबिहारी शाह, मुंबईचे नीलकंठराय छत्रपती यांच्या पद्धती वेगळ्या. परिणाम असा की एका शाळेतले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने युनेस्कोकडे हा प्रश्न नेला, पॅरिस आणि बैरूत येथे बैठका झाल्या आणि १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली. युनेस्कोच्या या कामात पुढे असलेले क्लुथा मॅकेन्झी न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात त्यांची दृष्टी गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला त्यांनी काम केले होते.

भारती ब्रेलचे तत्त्व असे की ध्वनी एकच तर ठिपकेही तेच, भाषा कोणतीही असो. मराठी 'क', तमिळ 'क', बंगाली 'क' बोटाखाली सारखेच लागतात, आणि इंग्रजी 'के'शीही जुळतात. जी गोष्ट छापील लिप्यांत कधी जमली नाही ती ठिपक्यांत जमली. आणखी गंमत अशी की ब्रेलमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो. 'विद्या' लिहायचे तर व, मग इ, मग जोडाक्षराची खूण, मग द, य, आ. ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर करायचा, या पहिलीतल्या मुलांच्या गोंधळातून ब्रेल शिकणारी मुले सुटतात.

हातचा कुठे लिहायचा?

भाषेचे असे झाले. गणिताचे काय? इथे आपण पुन्हा साँडरसन यांच्या पाटीकडे येतो.

ब्रेल पाटीवर कागद मागून टोचतात. लिहायचे उजवीकडून डावीकडे, वाचायला कागद उलटायचा. निबंधाला हे चालते. पण उभी बेरीज करून पाहा. वरचा अंक बोटाला लागत नाही, कारण तो कागदाच्या दुसऱ्या बाजूला आहे. हातचा लिहायला जागा नाही. टोचलेले खोडता येत नाही. म्हणून अंधशाळांतून गणितासाठी वेगळे साधन आले, ते आपल्याकडे आजही टेलर फ्रेम म्हणून ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात यॉर्कच्या अंधशाळेचे विल्यम टेलर यांनी ते काढले. पाटीवर आठ कोनांची भोके आणि त्यांत बसणारे खिळे. खिळ्याच्या एका टोकाला कडेशी उठावाची रेघ, दुसऱ्या टोकाला दोन टोके. खिळा आठ दिशांना फिरवून बसवता येतो, म्हणजे दोन्ही टोके मिळून सोळा चिन्हे: दहा अंक आणि उरलेल्या क्रियाचिन्हे. साँडरसन यांच्या टाचणीसारखीच ही युक्ती: चिन्हाचा अर्थ दिशेत, आणि चूक झाली तर उपसून पुन्हा लावा.

अंकगणित या फळीवर होते. बीजगणितात नवी अडचण येते. ब्रेलमध्ये अंकांना स्वतंत्र चिन्हे नाहीत. अंकसूचक खूण देऊन पहिल्या दहा अक्षरांचेच अंक करतात. भारती ब्रेलमध्ये 'अ' आणि एक यांचा ठिपका एकच. मग '२अ' लिहिले तर ते '२१' वाचले जाणार! दर वेळी मध्ये आणखी एक खूण घालावी लागते. त्यात अपूर्णांक, घात, वर्गमूळ आले की ओळ वाचेपर्यंत गणित हरवते.

हे दुखणे ज्याला रोज भोगावे लागत होते त्यानेच त्यावर उपाय काढला. न्यूयॉर्कचे अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) जन्मांध. त्यांना गणित आवडे, पण अंध माणसाने गणितात जाऊ नये असा सल्ला हितचिंतकांनी दिला आणि त्यांनी मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली. त्या विषयात मनाजोगी नोकरी मिळेना. पत्नीच्या आग्रहाने ते गणिताकडे वळले. स्वतःच्या अभ्यासासाठी त्यांनी ठिपक्यांची गणिती लेखनपद्धती बांधली. त्यात अंक चौकटीच्या खालच्या भागात सरकवले, म्हणजे अक्षर आणि अंक यांचा गोंधळच होत नाही. १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि नेमेथ पद्धती म्हणून वापरात आली.

सवलत

नेमेथ यांना मिळालेला सल्ला आपल्याकडे नियमाच्या रूपात आला. अनेक परीक्षा मंडळांनी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना गणिताऐवजी दुसरा विषय किंवा खालच्या इयत्तेचे अंकगणित घेण्याची मुभा दिली. हेतू दयेचा. जिथे ब्रेल पुस्तक नाही, उठावाच्या आकृत्या नाहीत, फ्रेम शिकवणारा शिक्षक नाही, तिथे मूल नापास होण्यापेक्षा हे बरे, असा व्यवहारी विचार. पण सातवी-आठवीतच कोणीतरी 'तुला गणित नसेल तरी चालेल' म्हणतो आणि मुलाची विज्ञानाकडे जायची वाट तिथेच संपते. मग अकरावीला विज्ञान मागणारा विद्यार्थी अपवाद ठरतो आणि व्यवस्था गोंधळते. आंध्र प्रदेशातल्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखेत बसण्यासाठी न्यायालयात जावे लागले; पुढे ते अमेरिकेत एमआयटीत शिकले. त्यांच्यावर २०२४ मध्ये चित्रपट निघाल्यामुळे ही हकीकत आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्र सरकारची योजना १९७४ ची, पहिला व्यापक कायदा १९९५ चा, सध्याचा २०१६ चा. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी मोफत साधने आता मराठीही बोलतात. तरीही आमच्या माहितीतल्या एका शाळेत आठवीतल्या दृष्टिहीन मुलीला भूमितीच्या तासाला ग्रंथालयात पाठवून देत. शिक्षक वाईट नव्हते. 'फळ्यावर आकृती असते, ती बसून काय करणार?' असे ते म्हणाले. रबराच्या चटईवर प्लॅस्टिकचा कागद ठेवून रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढली की ती उठून येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मोटारीच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही चटईसारखा चालतो. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने समद्विभुज त्रिकोणाचे पायाचे कोन बोटांनी तपासले आणि वर्गात सर्वांत आधी सांगितले की ते सारखे लागतात.

साधनांपेक्षाही स्वस्त गोष्ट म्हणजे आपले बोलणे. 'हे इकडे नेले, याने त्याला भागले, आता इथे बघा काय उरले' असे फळ्याकडे तोंड करून आपण किती वेळा म्हणतो! आणि 'अ अधिक ब भागिले क' म्हटल्यावर अ आणि ब यांची बेरीज करून क ने भागायचे, की फक्त ब ला भागायचे? डोळस मूल फळा पाहून ओळखते. शेवटच्या बाकावरचे, चष्मा न मिळालेले किंवा लिहून घेण्यात मागे पडलेले मूलही चुकते. नेमेथ यांनी आपल्याला पुस्तके वाचून दाखवणाऱ्यांना ठराविक शब्द शिकवले होते: अपूर्णांक सुरू, मग अंश, मग भागिले, मग छेद, अपूर्णांक संपला. ऐकणाऱ्याला संदिग्धता उरत नाही.

नेमेथ १९५५ पासून डेट्रॉइट विद्यापीठात गणित शिकवू लागले आणि सुमारे तीस वर्षे शिकवत राहिले. विद्यार्थी डोळस होते. ते उजव्या हाताने खडूने फळ्यावर समीकरणे लिहीत आणि लिहितानाच प्रत्येक पद मोठ्याने म्हणत. कोटाच्या डाव्या खिशात ब्रेलमध्ये टिपणे काढलेली कार्डे असत, डावा हात खिशात. विद्यार्थ्यांना वाटे, सरांची स्मरणशक्ती काय अफाट आहे.